शिवनाथ ते पूर्वसमुद्र : बावन्न वर्षांचा मराठी किनारा

भिलाई-३ हे आपले गाव दोन नद्यांच्या मध्ये वसले आहे. पश्चिमेस दुर्गच्या अंगाने शिवनाथ वाहते, पूर्वेस कुम्हारीच्या पलीकडे खारून. गावावर पडलेल्या पावसाचे पाणी कोणत्या नाल्याने कोणत्या नदीस जाते, हे उताराउतारावर अवलंबून आहे. पण शेवटी त्याने काही फरक पडत नाही. सिमग्याजवळ सोमनाथ येथे खारून शिवनाथेला मिळते, शिवनाथ शिवरीनारायणाच्या परिसरात महानदीला मिळते आणि महानदी कटकच्या पुढे अनेक फाटे फुटून बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही आपल्या अंगणातील पाण्याचा समुद्र ठरलेला आहे, आणि तो मुंबई-कोकणचा नव्हे; तो पूर्वसमुद्र आहे.

या भागातील मराठी माणसाचा इतिहासही याच उताराने पूर्वेकडे गेला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचित सांगितली जाते. मराठी भाषेत ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. १७५८ मध्ये मराठी फौजा सिंधूकाठी अटकेपर्यंत पोचल्या खऱ्या, पण पंजाबातील तो अंमल दोन वर्षेही टिकला नाही. त्याउलट महानदीच्या मुखाशी असलेले कटक १७५१ पासून १८०३ पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे, नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते. भाषेने मात्र कटकाला अटकेचे यमक जुळविण्यापुरतेच वापरले. ‘अटक ते कटक’ असे म्हणताना दुसऱ्या शब्दापाशी सहसा कोणी थांबत नाही. या लेखात आपण तेथेच थांबणार आहोत. बावन्न वर्षे समुद्रकिनारा हाती असूनही मराठी सत्तेला समुद्र का लाभला नाही, असा यातला प्रश्न आहे. आणि त्याचे निम्मे उत्तर तरी त्या उपसागराच्या आणि त्याला मिळणाऱ्या नद्यांच्या भूगोलात आहे, असे माझे मत आहे.

आधी नदी पाहू. महानदी धमतरी जिल्ह्यातील सिहावाच्या डोंगराळ भागात उगम पावते आणि सुमारे ८५८ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. तिच्या पाणलोट क्षेत्राचा निम्म्याहून अधिक भाग छत्तीसगडात आहे. शिवनाथ, खारून, हसदेव, जोंक, मांद, पैरी ही सारी कुटुंबातली मंडळी. छत्तीसगडाचे मैदान म्हणजे एका मोठ्या परातीसारखे आहे. कडेच्या डोंगरांवरून पाणी मध्यावर येते आणि पूर्वेच्या एकाच फटीतून बाहेर पडते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ही नदी मैलभर रुंद होते, उन्हाळ्यात त्याच पात्रात वाळूचे पट्टे उघडे पडतात. संबलपूरच्या पुढे ती दक्षिणेकडे वळते, सोनपूर आणि बौद ओलांडते आणि पूर्वघाटाच्या रांगेत शिरते. येथे सातकोसिया नावाची सुमारे २२ किलोमीटर लांबीची घळ आहे. नावातच तिचे माप आहे : सात कोस. दोन्ही बाजूंस अरण्याने झाकलेले डोंगर आणि मध्ये खोल, संथ पाणी. या घळीच्या तोंडाशी बरमूळची खिंड आहे. मध्य भारतातून कटकच्या मैदानात उतरण्याचा हा दरवाजाच म्हणावा लागेल. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. १८०३ च्या हकिगतीत ते पुन्हा येईल.

घळीतून बाहेर पडलेली महानदी कटकच्या वर नराज येथे फुटू लागते. एक फाटा काठजोडी, पुढे दुसरा बिरूपा. काठजोडीतून कुआखाई, कुआखाईतून दया आणि भार्गवी. एक धार देवी नदीच्या नावाने सरळ समुद्रात, तर दया आणि भार्गवी चिलिका सरोवरात. कटक हे शहरच मुळी महानदी आणि काठजोडी यांच्यामधील चिंचोळ्या जिभेवर वसले आहे. पुराचे पाणी शहरात शिरू नये म्हणून काठजोडीच्या बाजूस दगडी तट बांधलेला आहे, तो मराठ्यांच्याही बराच आधीचा. उत्तरेकडे ब्राह्मणी आणि वैतरणी धामऱ्यापाशी एकत्र येऊन समुद्राला मिळतात. त्यांच्याही उत्तरेस बालेश्वरची बुढाबलंग आणि सर्वांत शेवटी सुवर्णरेखा. चिलिकेपासून सुवर्णरेखेपर्यंतचा हा सारा किनारा नद्यांनी वाहून आणलेल्या गाळाचाच झालेला आहे. जमीन येथे समुद्राला अडवीत नाही. ती हळूहळू त्याच्यात पसरते.

कोकणच्या किनाऱ्याशी याची तुलना केली म्हणजे फरक लगेच ध्यानात येतो. सह्याद्री समुद्राजवळ उभा, नद्या आखूड आणि वेगवान, त्यांची मुखे समुद्राने आत शिरून रुंद केलेली. म्हणून दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा खोल पाण्याच्या खाड्या तयार झाल्या. तेथे गलबत वादळात आसऱ्याला येते, खडकावर किल्ला उभा राहतो आणि कान्होजी आंग्रे यांच्यासारखा दर्यावर्दी पिढ्यान्‌पिढ्यांच्या कोळी-भंडारी खलाशांच्या बळावर परकीय जहाजांना धाक घालू शकतो. ओडिशाच्या किनाऱ्यावर यांपैकी काहीच नाही. येथे नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आडवा पडतो, लाटा त्यावर फुटतात आणि भरतीखेरीज मोठ्या नावेला आत शिरता येत नाही. बालेश्वरजवळ चांदीपूर येथे ओहोटीला समुद्र पाच किलोमीटरपर्यंत मागे सरतो, हे आज पर्यटकांना कौतुकाचे वाटते. शिडाच्या जहाजाच्या कप्तानाला त्यात कौतुक वाटण्याचे कारण नव्हते. किनारा इतका सपाट की दुरून ओळखावयास एकही डोंगर नाही. म्हणून युरोपीय खलाशांनी दोन मंदिरांनाच खुणा मानले होते. कोणार्कच्या सूर्यमंदिरास ते ‘काळे देऊळ’ म्हणत आणि पुरीच्या जगन्नाथमंदिरास ‘पांढरे देऊळ’.

शिवाय हा उपसागर वादळांचा. उत्तरेकडे तो नाळक्यासारखा अरुंद होत जातो आणि उथळही होतो; त्यामुळे चक्रीवादळाने ढकललेले पाणी पसरण्यास जागा न मिळून किनाऱ्यावर भिंतीसारखे चढते. १८८५ च्या सप्टेंबरात महानदीच्या मुखाजवळील फॉल्स पॉइंट येथे आलेले वादळ हवामानशास्त्राच्या इतिहासात नोंदले गेले. १९९९ च्या ऑक्टोबरातील महाचक्रीवादळ तर आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीतले आहे. पारादीपजवळ ते किनाऱ्यावर आले आणि त्यात सुमारे दहा हजार माणसे गेली.

अशा या किनाऱ्याकडे नागपूरची फौज निघाली ती आपल्याच भागातून. १७४१ मध्ये छत्तीसगडावरील मोहिमेसाठी मराठ्यांनी दुर्ग येथे ठाणे केले, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. रघूजी भोसले यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर चालून गेले. तेथील हैहयवंशी राजा रघुनाथसिंह वृद्ध होता, पुत्रशोकाने खचलेला होता. वाड्यावर तोफांचे गोळे पडू लागताच राणीने पांढरे निशाण दाखविले आणि शतकानुशतकांचे ते राज्य जवळजवळ लढाईविनाच संपले. भास्कररामांचे लक्ष मात्र छत्तीसगडावर नव्हते. छत्तीसगड हा त्यांचा रस्ता होता. मुक्काम बंगाल होता.

१७४२ पासूनच्या बंगालवरील स्वाऱ्यांबद्दल मराठीत अभिमानाने लिहिण्याची रीत आहे. ती मला पटत नाही. भागीरथीच्या पश्चिमेचा सारा मुलूख त्या काळात उजाड झाला. लोक नदी ओलांडून पूर्वेकडे पळाले, कारण घोडदळाला भरलेली भागीरथी सहज ओलांडता येत नसे. ‘बारगीर’ या आपल्या साध्या लष्करी शब्दाचे बंगालीत ‘बर्गी’ झाले आणि मुलांना भीती घालून निजविण्याच्या अंगाईगीतात तो जाऊन बसला. तेथे तो आजही आहे. गंगाराम नावाच्या कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात त्या अत्याचारांचे वर्णन केले. इंग्रजांनी कलकत्त्याभोवती ‘मराठा खंदक’ खणावयास घेतला, तो पुरताही झाला नाही. दुसरी बाजूही तितकीच काळी आहे : १७४४ च्या मार्चअखेर मनकरा येथे बोलणी करण्याच्या निमित्ताने बोलावून नवाब अलीवर्दीखानाने भास्कररामांना त्यांच्या सरदारांसह ठार केले. त्यानंतर रघूजी स्वतः उतरले. १७४५ मध्ये कटकचा बाराबाटी किल्ला त्यांच्या हाती आला.

पुढील सहा वर्षांच्या ओढाताणीनंतर १७५१ मध्ये तह झाला. नवाबाने बंगाल-बिहारच्या चौथाईपोटी सालिना बारा लाख रुपये द्यावेत, ओडिशाचा वसूल भोसल्यांच्या फौजेकडे जावा आणि मराठ्यांनी सुवर्णरेखा ओलांडू नये, असा त्याचा आशय होता. कागदावर मीर हबीब नवाबाचा नायब राहिला. पुढच्याच वर्षी तो मारला गेला आणि ओडिशा प्रत्यक्षात नागपूरचा सुभा झाला. शिवभट साठे हे पहिले नामांकित सुभेदार.

या तहातील सरहद्दीचे कलम पाहण्यासारखे आहे. नदीला सरहद्द मानणे ही घोडदळाची दृष्टी आहे : नदी म्हणजे जेथे थांबावे लागते ती जागा. नदी म्हणजे जेथून निघता येते ती जागा, असे मानणारे लोक त्याच किनाऱ्यावर शंभर वर्षांहून अधिक काळ वावरत होते. १६३३ मध्ये मच्छलीपट्टणहून आलेल्या इंग्रजांनी महानदीच्या त्रिभुज प्रदेशात हरिहरपूर येथे आणि पाठोपाठ बालेश्वरला वखारी घातल्या. हरिहरपूरची नदी गाळाने भरली तेव्हा त्यांनी ती वखार सोडली आणि बालेश्वरवर भर दिला. बालेश्वरच्या नदीतही मोठे जहाज शिरेना, तेव्हा ते समुद्रात नांगर टाकून उभे राहू लागले. त्या नांगरवाड्यातच हुगळीचे वाटाडे, म्हणजे पायलट, वाट पाहत. परदेशातून आलेले प्रत्येक जहाज त्यांच्या हाती सुकाणू देऊनच कलकत्त्याकडे जाई. वाळूचे दांडे वर्षाला जागा बदलतात, खोली दोरीने मोजावी लागते, हे ज्ञान त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वहीत उतरविले. बालेश्वर शहर १७५१ नंतर मराठ्यांचे झाले. त्याच्यासमोरचे पाणी मात्र इंग्रजांचेच राहिले.

किनाऱ्याचा दुसरा भाग स्थानिक राजांचा होता. महानदीच्या मुखाशी कुजंग आणि ब्राह्मणी-वैतरणीच्या मुखाशी कनिका, ही दोन छोटी संस्थाने खारफुटीच्या जंगलात आणि खाड्यांच्या जाळ्यात बसलेली. तेथे घोडा चालत नाही, होडी चालते. कटकच्या सुभेदाराला त्यांच्याकडून खंडणी मिळे तीही धाकदपटशाने, आणि मिळे तेव्हा. म्हणजे मराठी अंमल होता तो प्रामुख्याने मोगलबंदी म्हणविल्या जाणाऱ्या मधल्या सुपीक मैदानावर. नकाशावर ज्याला आपण किनारा म्हणतो त्याची शेवटची काही कोस रुंदीची पट्टी, जेथे नदी समुद्र होते, ती पुरती हाती आलीच नाही.

तरीही या बावन्न वर्षांत समुद्राने नागपूरच्या राज्याला दोन गोष्टी दिल्या. पहिली मीठ. चिलिकेपासून बालेश्वरपर्यंतच्या क्षारभूमीत पाणी उकळून ‘पांगा’ आणि उन्हात सुकवून ‘करकच’ अशी दोन प्रकारची मिठे तयार होत. ती बंजाऱ्यांच्या बैलतांड्यांवर आणि महानदीतील नावांतून संबलपूरकडे आणि पुढे छत्तीसगडात येत. परतीच्या वाटेने धान्य जाई. समुद्र न पाहिलेल्या आपल्या खेड्यांच्या भाकरीत तो अशा रीतीने रोज उतरत होता. हा व्यापार इंग्रजांच्या डोळ्यांवर आला आणि १७९० मध्ये त्यांनी ओडिशाचे मीठ बंगालात आणण्यास मनाई केली.

दुसरी गोष्ट पुरीची यात्रा. जगन्नाथाचे देवस्थान मराठी राज्यात आल्याने नागपूर-रायपूर-संबलपूर या वाटेवर यात्रेकरूंची वर्दळ वाढली. पुरीच्या सिंहद्वारासमोर उभा असलेला एकसंध दगडाचा अरुणस्तंभ हा मूळचा कोणार्कचा; मराठी अंमलात ब्रह्मचारी गोसावी यांनी तो तेथून आणविला. कोणार्कच्या सूर्यासमोरील सारथी आज जगन्नाथासमोर उभा आहे, आणि दर्शनाला जाणाऱ्या आपल्यापैकी फारच थोड्यांना त्याचा हा प्रवास ठाऊक असतो. यात्रेकराचा जाच हीदेखील त्या अंमलाची आठवण आहे, हे सांगावयास हवे.

मधल्या छत्तीसगडात याच काळात मराठी राज्यव्यवस्था रुजत होती. १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले रतनपुरास राहिले. रामटेकडीवरील राममंदिर त्यांचे. मराठी भाषा आणि मोडी लिपी यांनी सरकारी दप्तरात प्रवेश केला तो त्यांच्या वेळी, आणि दसऱ्याला सोने वाटण्याची येथील चालही त्यांच्यापासूनची मानली जाते. त्यांच्यानंतर व्यंकोजी भोसल्यांनी सुभेदारांकरवी कारभार चालविला. विठ्ठल दिनकर या सुभेदाराने जुन्या ‘गढ’ पद्धतीऐवजी परगणे पाडले. कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे ही पदे आली. ओडिशाचा सुभा मागे आधार असलेला प्रदेश म्हणून छत्तीसगडाकडे पाही, तर नागपूर त्याच्याकडे कटकच्या वाटेवरील पेठ म्हणून. स्वतःच्या पायावर उभा असलेला प्रदेश म्हणून त्याकडे पाहिले ते बिंबाजींनीच, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

इंग्रजांना हा किनारा का हवा होता, हे नकाशा एकदा पाहिला म्हणजे कळते. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी त्यांना मिळाली. त्याच सुमारास चिलिकेच्या दक्षिणेचे उत्तर सरकार प्रांतही आले. कलकत्ता आणि मद्रास यांच्यामध्ये एकच तुकडा परक्याचा उरला : सुवर्णरेखेपासून चिलिकेपर्यंतचा मराठी किनारा. त्यांची कलकत्ता-मद्रास टपाल नागपूरकरांच्या परवानगीने कटकवरून जाई. १७६६ मध्ये क्लाइव्हने टॉमस मॉट यास वरकरणी संबलपूरच्या हिऱ्यांसाठी पाठविले. बालेश्वर-कटकच्या वाटेची पाहणीही त्यात आपोआप झाली. १७७८ मध्ये वॉरन हेस्टिंग्जचा वकील अलेक्झांडर इलियट कटकवरून नागपूरकडे निघाला आणि सारंगगढ संस्थानात तापाने वारला. त्याची कबर छत्तीसगडातच आहे. भाड्याने द्या, विकत द्या, बदल्यात घ्या, अशी बोलणी वीस-पंचवीस वर्षे चालली.

१७७९-८० मध्ये एक संधी आली होती. इंग्रजांविरुद्ध नाना फडणिसांनी घडवून आणलेल्या जुटीत नागपूरकरांनी बंगालवर चाल करावयाची होती. चिमणाजी भोसले तीस हजारांची फौज घेऊन छत्तीसगडातून कटकला उतरले. वाटेत महिने गेले. वेळ मुद्दामच घालविला, असे दिसते. अखेरीस हेस्टिंग्जने मोठी रक्कम देऊन त्यांना वळविले. इतकेच नव्हे, तर १७८१ मध्ये कर्नल पिअर्स याची इंग्रज पलटण हैदरअलीशी लढण्यासाठी याच मराठी किनाऱ्यावरून मद्रासकडे चालत गेली आणि तिला कोणी अडविले नाही. किनाऱ्याची किंमत कटकमध्ये बसलेल्यांना ठाऊक होती. राजाराम पंडित हे चतुर सुभेदार तेव्हा तेथे होते. नागपूरच्या दरबारी मात्र तो वसुलाचा एक सुभा होता आणि त्या वर्षी वसुलापेक्षा हेस्टिंग्जची रक्कम मोठी होती.

१८०३ चा शेवट झपाट्याने झाला. कर्नल हारकोर्टची फौज गंजामहून निघाली आणि चिलिका व समुद्र यांच्यामधील वाळूच्या अरुंद पट्टीवरून, डाव्या हाताला सरोवर व उजव्या हाताला समुद्र ठेवून, १८ सप्टेंबरला पुरीत शिरली. दुसरी तुकडी कलकत्त्याहून जहाजांनी आली आणि २१ सप्टेंबरला बालेश्वर तिच्या हाती गेले. त्यानंतर दोन दिवसांनी, २३ सप्टेंबरला, दुसरे रघूजी शिंद्यांसह वऱ्हाडापलीकडे असईच्या रणांगणावर हरत होते. कटकला कुमक पाठविणार कोण? भर पावसाळ्यात नद्या तुडुंब होत्या. नागपूर ते कटक हे अंतर घोड्यावर आठवड्यांचे आणि कलकत्ता ते बालेश्वर हे अंतर शिडावर थोड्या दिवसांचे. १४ ऑक्टोबरला बाराबाटी पडला. नोव्हेंबरात मेजर फोर्ब्सच्या तुकडीने बरमूळची खिंड घेतली. सातकोसियाचा तो दरवाजा त्या दिवशी आतून नव्हे, बाहेरून बंद झाला. १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने बालेश्वरासह कटक प्रांत कंपनीकडे गेला. बाराबाटीचे दगड पुढे उखडले गेले आणि त्यांतील काही महानदीच्या मुखाशी फॉल्स पॉइंटच्या दीपगृहासाठी वापरण्यात आले. पन्नास वर्षे किनारा सांभाळणाऱ्या किल्ल्याने दिवा दाखविला तो अशा रीतीने, दुसऱ्यांच्या जहाजांना.

इंग्रजांनाही तो उपसागर पुरता वश झाला नाही, हे न्यायाने नोंदविले पाहिजे. १८६६ च्या दुष्काळात ओडिशातील जवळजवळ एकतृतीयांश लोक मेले. मदतीचे तांदूळ समुद्रमार्गे पोचविण्याचा प्रयत्न झाला तेव्हा पावसाळा सुरू झाला होता; जहाजे उथळ पाण्यात खोळंबली आणि धान्य किनाऱ्यावर उतरेना. जमिनीच्या बाजूने जंगल, समुद्राच्या बाजूने वाळू. वाट दोन्हीकडून बंद. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी त्याआधी तीनच वर्षे, १८६३ मध्ये, महानदी व तिच्या उपनद्यांच्या जलमार्गाविषयी अहवाल लिहिला होता. पावसाळ्यात नावा आरंगपर्यंत वर येत. खडक फोडून ही वाट बारमाही करावी, असे बेत त्या काळी चालले होते. ते बेत रेल्वेने मोडले. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे स्थापन झाली, छत्तीसगड प्रथम आसनसोलशी आणि १९०० च्या सुमारास खरगपूरवरून थेट हावड्याशी जोडले गेले. संबलपूरच्या नावाड्यांचा धंदा एका पिढीत बुडाला.

त्याच रेल्वेने पुढे छत्तीसगडाला समुद्र परत मिळवून दिला, पण दुसऱ्याच ठिकाणी. १९३१ मध्ये रायपूर-विजयनगरम मार्ग पुरा झाला आणि १९३३ मध्ये विशाखापट्टणमचे बंदर खुले झाले. ते बंदर खडकाळ डोंगराच्या आडोशाला आहे आणि कोणत्याही मोठ्या नदीच्या मुखाशी नाही; गाळाने ग्रासलेल्या त्या किनाऱ्यावर हेच त्याचे भाग्य. भिलाई-३ आणि चरोद्याच्या यार्डातून आज ज्या मालगाड्या जातात त्यांच्या वाटा तेव्हा आखल्या गेल्या. आपल्यातील अनेक मराठी कुटुंबे याच रेल्वेच्या नोकरीने नागपूर-विदर्भाकडून येथे आली. उरलेली बरीचशी १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याबरोबर आली. भोसल्यांच्या फौजेबरोबर आलेल्यांचे वंशज वेगळे. ते रतनपूर, बिलासपूर, रायपूरच्या जुन्या पेठांत आहेत आणि त्यांची मराठी छत्तीसगडीत छान मुरलेली आहे.

कारखाना आला तेव्हा नदीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, या वेळी पाण्यासाठी. शिवनाथेची उपनदी असलेल्या तांदुळेवर बालोदजवळ १९२१ मध्ये पुरे झालेले धरण शेतीसाठी होते. त्याचे पाणी कारखान्याकडे वळले. पुढे महानदीवरचे गंगरेल धरणही जोडीला आले. खाली ओडिशात १९५७ मध्ये हिराकूड पुरे झाले होते, पुरापासून त्याच जुन्या त्रिभुज प्रदेशाला वाचविण्यासाठी. वरच्या राज्याने पाणी अडविले तर हिराकुडात काय उतरणार, या वादावर केंद्र सरकारने २०१८ च्या मार्चमध्ये महानदी जलविवाद न्यायाधिकरण नेमले. नागपूरच्या मोडी दप्तरांत कटकच्या वसुलाची नोंद रुपयांत होत असे. आता दोन राज्यांचे वकील पाण्याचे आकडे समोर ठेवतात, आणि त्यांतील काही सिमगा येथे शिवनाथेच्या पात्रात मोजलेले असतात, जेथे खारूनचे पाणी तिच्यात मिसळून थोडेच अंतर झालेले असते.